जपानी भूत बघायचं तर आधी टीव्हीची सेटिंग बघा

माझं नागपूरच्या महाल भागात फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. दिवसभर वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे, तान्ह्या पोळ्याच्या शुभेच्छांचे बॅनर काढायचे, रात्री दहाला शटर ओढायचं आणि घरी येऊन जेवण झालं की भुतं बघायची, हा माझा बारा-तेरा वर्षांचा नेम. भुतं जपानी, आणि हाताने काढलेली, म्हणजे अ‍ॅनिमेतली (जपानी कार्टून मालिका-चित्रपटांतली). बायको म्हणते, "अहो, दिवसभर पुढाऱ्यांचे चेहरे बघून पोट नाही भरत का?"

परवा भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कुठल्यातरी ग्रुपवरून उतरवलेला एक भाग त्याने पेनड्राइव्हमध्ये आणला आणि आमच्या हॉलमधल्या टीव्हीला लावला. पाच मिनिटांनी म्हणाला, "मामा, हे तर काहीच दिसून नाही राहिलं." खरंच दिसत नव्हतं. अंधाऱ्या खोलीच्या जागी काळे-करडे चौकोन सरकत होते, फरशीवर डांबराच्या गोळ्या सांडाव्यात तसे. त्याला वाटलं, मालिकाच तशी. मी म्हटलं, पोरा, तू भुताची झेरॉक्सची झेरॉक्स आणलीस. त्या रात्री त्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहितो. नवीन बघणारे बहुतेक जण "कुठे मिळतं" एवढंच विचारतात. या प्रकारात "कसलं मिळतं" हे जास्त महत्त्वाचं आहे.

आधी मिळवायचं कसं

एक गोष्ट समजून घेतली की निम्मी चिडचिड संपते. अ‍ॅनिमे बहुतेक वेळा एका कंपनीची नसते. प्रकाशक, चॅनल, संगीत कंपनी, खेळणीवाले असे चार-सहा जण पैसे घालून एक समिती करतात आणि ती समिती हक्क विकते. तेही देशागणिक, मुदतीने आणि तुकड्यातुकड्याने: स्ट्रीमिंगचे वेगळे, डिस्कचे वेगळे, थिएटरचे वेगळे, डबिंगचे वेगळे. शेतीचा बटईने होणारा व्यवहार ज्याने पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. म्हणून अमेरिकेत जे एका अ‍ॅपवर दिसतं ते आपल्याकडे दुसऱ्यावर असतं, नाहीतर कुठेच नसतं. आणि आज असलेलं पुढच्या वर्षी मुदत संपून गायब होतं.

'उझुमाकी'चंच घ्या. जुंजी इतो या जपानी चित्रकथाकाराची ती सर्पिलांनी झपाटलेल्या गावाची गोष्ट. तिची चार भागांची काळी-पांढरी मालिका सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत अ‍ॅडल्ट स्विम चॅनलवर आली आणि दुसऱ्या दिवशी मॅक्स या अ‍ॅपवर. मॅक्स तेव्हा भारतात नव्हतंच. इथली पोरं नेटफ्लिक्सवर नाव टाकून टाकून थकली. त्याच इतोच्या गोष्टींवरची 'जुंजी इतो मॅनिअ‍ॅक' मात्र जानेवारी २०२३ मध्ये नेटफ्लिक्सनेच सगळीकडे एकदम सोडली होती. लेखक तोच, हक्क विकत घेणारा वेगळा.

तर शोधण्याची रीत अशी. जस्टवॉच नावाची साइट आहे, तिथे देश भारत निवडायचा आणि मग मालिकेचं नाव टाकायचं. देश निवडायला विसरलात तर अमेरिकेची यादी बघून उगाच पैसे भराल. मग क्रंचीरोल हे अ‍ॅनिमेचं अ‍ॅप बघा. त्यांनी २०२२ मध्ये भारतासाठी दर उतरवून साध्या प्लॅनचे महिन्याला ७९ रुपये केले होते. आजचा दर अ‍ॅपमध्येच बघून घ्या. यूट्यूबवर म्यूझ इंडिया, म्यूझ एशिया आणि अ‍ॅनी-वन एशिया ही चॅनलं आहेत. यांनी आपल्या भागाचे हक्क रीतसर घेतलेले असतात आणि ते फुकट दाखवतात. पण काही भाग ठरावीक दिवसांनी काढून घेतात, म्हणून "नंतर बघू" करू नका.

नाव टाकताना जपानी नाव, इंग्रजी नाव दोन्ही टाका. आमच्या पेपरवाल्या मित्राला, म्हणजे मला आर्ट पेपर पुरवतो त्याला, मी 'मोनोनोके' बघ म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी फोन: "अबे, लांडगे, जंगल, एक रागीट पोरगी. पिक्चर एक नंबर आहे, पण भूत कुठाय?" तो दिग्दर्शक मियाझाकींचा १९९७ चा 'प्रिन्सेस मोनोनोके' बघून बसला होता. मी म्हणत होतो ती २००७ ची तोएई स्टुडिओची मालिका, दिग्दर्शक केंजी नाकामुरा, बारा भाग. मोनोनोके म्हणजे माणसाला बाधणारी शक्ती, इतकाच त्या शब्दाचा अर्थ, त्यामुळे नाव दोघांचंही बरोबरच. 'अनदर' नावाची मालिका तर नुसत्या नावाने शोधून दाखवाच. तिच्यासोबत २०१२ हे साल टाकावं लागतं.

व्हीपीएनचं, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणाऱ्या सोयीचं विचाराल तर मी वापरत नाही. अ‍ॅपच्या अटींत ते बसत नाही आणि पैसे भरून खातं बंद पडण्याची कटकट कोण घेईल. चोरीच्या साइटबद्दल नैतिक भाषण देत नाही. माझी तक्रार धंद्यातली आहे: ती कॉपी तिसऱ्या-चौथ्यांदा दाबून लहान केलेली असते, आणि दाबताना सगळ्यात आधी मरतो तो अंधार.

डिस्क मागवणाऱ्यांना एक इशारा. मी हौसेने परदेशातून एक ब्लू-रे मागवली होती. विकणाऱ्याने लिहिलं होतं, सगळीकडे चालते. ब्लू-रेचे जगात तीन विभाग आहेत. जपान आणि अमेरिका ए मध्ये, भारत सी मध्ये. माझ्या प्लेअरने ती तोंडात घेतली आणि थुंकली. डीव्हीडीतही जपान २, अमेरिका १, आपण ५. शिवाय खास जपानी डिस्कवर इंग्रजी सबटायटल बऱ्याचदा नसतातच. ती डिस्क आता शोकेसमध्ये आहे. कव्हरची छपाई मात्र झकास.

पाय नसलेलं भूत आणि फ्लेक्सवरच्या पट्ट्या

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याला येतो.

आपल्याकडे भूत ओळखायचं तर पायांकडे बघतात, पाय उलटे असले की समजायचं. जपानी भुताला पायच नसतात. अठराव्या शतकातल्या मारुयामा ओक्यो या चित्रकाराच्या नावाशी ही रीत जोडतात. मोकळे केस, फिकट चेहरा, प्रेताला घालतात तो पांढरा किमोनो, आणि कमरेच्या खाली शाई विरत विरत जाते ती शेवटी नुसता कागद उरतो. असलं एक चित्र मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावलं होतं. आई डबा घेऊन आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "इले पाय नाही का रे?" मग थोड्या वेळाने, "काढ ते. गिऱ्हाईक येईन का इथं?" भीती पोचली होती. चेहरा तर शांतच होता त्या बाईचा. घाबरवलं ते विरत जाण्याने.

हे विरत जाणं म्हणजे आमच्या भाषेत ग्रेडियंट. आणि ग्रेडियंटचा आमच्या धंद्याला शाप आहे. एका भावी नगरसेवकाने मागे हट्ट धरला, मागचं आकाश काळ्यातून निळ्यात गेलं पाहिजे. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली. वीस बाय दहाचा बॅनर छापून निघाला तेव्हा साहेबांच्या डोक्यामागे आकाश नव्हतं, जिना होता. पायऱ्या मोजता येतील इतक्या स्पष्ट पट्ट्या. माहिती कमी पडली की रंग सलग उतरत नाही, पायरी-पायरीने उतरतो. पुन्हा छापून दिला, पैसे माझे गेले.

टीव्हीवर तेच होतं. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन ४८० पी, म्हणजे कमी बारकाव्याचं चित्र देतो आणि फक्त फोन-टॅबवर चालतो. हाणामारीची मालिका त्यात चालून जाते. पण भुताच्या मालिकेत सगळी कमाई अंधाऱ्या कोपऱ्यात, धुक्यात, संध्याकाळच्या आकाशात असते, आणि तिथेच पट्ट्या आणि चौकोन येतात. कमी भाग बघा, पण १०८० पी मध्ये बघा. यूट्यूबवर असाल तर क्वालिटी ऑटोवर ठेवू नका, हाताने वरची निवडा. नेट मंद असेल तर आधी डाउनलोड करून ठेवा. क्रंचीरोलमध्ये ती सोय कुठल्या प्लॅनमध्ये आहे ते अ‍ॅपमध्येच बघून घ्या. मे महिन्यात आमच्याकडे लाइन जाण्याचा काही नेम नसतो, त्यामुळे मी टॅबवर दोन-चार भाग भरूनच ठेवतो.

आता टीव्ही. रिमोट घ्या, पिक्चरच्या सेटिंगमध्ये जा. दुकानातून आलेला टीव्ही बहुधा 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक'वर असतो, शोरूममध्ये उठून दिसावा म्हणून. तो 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'वर आणा. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळा बसतो. दुसरं, हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय असते ती बंद करा. सोनीत तिला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. याचं कारण सांगतो. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात, पण टीव्हीसाठीच्या अ‍ॅनिमेत दर फ्रेमला नवीन चित्र काढत नाहीत. एकच चित्र दोन-दोन, तीन-तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठ ते बारा चित्रं. सुरुवातीला हे पैशाच्या टंचाईतून आलं असेल, पण भुताला ते भलतंच मानवलं. बाई दारात उभी आहे, हलत नाही, हलत नाही, आणि पुढच्या चित्रात मान वळलेली. मधलं वळणं कोणी काढलंच नाही. तुमचा टीव्ही शहाणपणा करून ते मधलं चित्र स्वतःच्या मनाने घालतो आणि मान अशी मऊ वळते जशी जाहिरातीतल्या शॅम्पूवाल्या बाईची.

मध्येच लखलखाटाच्या जागी चित्र एकदम मंद झालं तर मात्र सेटिंगला हात लावू नका. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश भराभर चमकला आणि सहाशेच्या वर लोकांना, बहुतेक पोरांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून तिथल्या चॅनलांनी लखलखाटाचे नियम कडक केले आणि असे तुकडे मंद करून दाखवतात. स्ट्रीमिंगला बरेचदा तीच टीव्हीची प्रत येते. घरात फिट्स येणारं कोणी असेल तर मंद प्रतही त्याला दाखवू नका.

काय बघायचं त्यात

पहिलं 'यामीशिबाई'. २०१३ पासून चालू आहे, भाग जेमतेम साडेचार-पाच मिनिटांचा, वर्षानुवर्षं क्रंचीरोलवर येत आली. जपानमध्ये सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लीत येणारे गोष्टीवाले असायचे. पोरांना गोळ्या विकायच्या आणि चौकटीतून एकेक चित्र ओढत गोष्ट सांगायची. तो प्रकार कामीशिबाई. आपल्या पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी ज्यांनी पाहिली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. मालिकेत संध्याकाळी पाचला मुखवटा घातलेला असा एक म्हातारा पोरांसमोर येतो. चित्रं कागद कापून केल्यासारखी, तोंडं हलत नाहीत, डोळे मिटत नाहीत. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, हे काय स्वस्तातलं काम. दोन भाग दम धरा. न हलणारा चेहरा बोलून राहिला असला की आपण त्याच्या डोळ्यांवरून नजर काढू शकत नाही. सगळे भाग चांगले नाहीत, हेही सांगून ठेवतो. काहींचा शेवट नुसता "भॉक" असतो.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात वरचं, 'मोनोनोके'. यात अंधार फारसा नाहीच. नारिंगी, जांभळा, पोपटी, इतवारीतल्या कापडबाजारात ठाण उलगडावं तसा पडदा. आणि सगळ्यावर जपानी हातकागदाचा पोत चढवलेला, आकाशावर, माणसाच्या गालावरसुद्धा. जुन्या जपानी लाकडी ठशांच्या छपाईसारखं हे दिसतं. ती छपाई म्हणजे प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आणि कागद नेमका बसावा म्हणून ठशाच्या कोपऱ्यात खाच. मी पोरगा असताना वडिलांकडे स्क्रीन प्रिंटिंगने लग्नपत्रिका छापायचो, तिथेही तेच: लालवर सोनेरी एक केस हलला की गणपतीला दोन सोंडा. त्यामुळे ते चित्र बघताना माझा हात आपोआप कोपऱ्यातली खाच शोधतो. हा कागदाचा पोतसुद्धा ४८० पी मध्ये धुऊन जातो आणि मग मालिका नुसती भडक दिसते.

गोष्ट एका औषधविक्याची. पाठीवर लाकडी पेटी, चेहऱ्यावर रंगाच्या रेघा. त्याच्याकडे तलवार आहे, पण ती म्यानातून निघतच नाही, जोवर त्या बाधेचं रूप, घडलेली हकीकत आणि तिच्या मनातलं कारण ही तिन्ही कळत नाहीत. म्हणजे आधी चौकशी, मग वार. एक जागा जवळून बघा: तो पेटी उघडतो आणि छोटे छोटे तराजू उडत येऊन ओळीने जमिनीवर उभे राहतात, पाखरांसारखे. दोन्ही टोकांना घुंगरू. खोलीत सगळं स्तब्ध. आणि एक तराजू किंचित कलतो, किण्ण. भूत दिसलेलं नाही, आवाज नाही, पण आता ते कुठे उभं आहे हे आपल्याला कळलंय. पूर्ण मालिकेत मला याच्याइतकं कशाने घाबरवलं नाही. प्रसंग संपला की पडद्यावर सरकतं दार खाडकन बंद होतं, तेव्हा दचकाल.

याचाच २०२४ चा चित्रपट नेटफ्लिक्सवर आहे, शोगुनच्या वाड्यातल्या जनानखान्यात घडणारा. त्याच्या जपानी नावात 'काराकासा' आहे, म्हणजे एका डोळ्याची, एका पायाची छत्री. जुनी वापरातली वस्तू शंभर वर्षांची झाली की तिच्यात जीव येतो, अशी त्यांची समजूत. निरनिराळ्या भुतांची तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ मध्ये चित्रांची पोथीच काढली, नाव 'शंभर भुतांची रात्रीची मिरवणूक' अशा अर्थाचं. मुंबई-पुण्याच्या मित्रांना हे समजावून सांगावं लागतं. नागपूरकराला काय सांगायचं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानासमोरून काळी मारबत, पिवळी मारबत (इडा-पिडा घेऊन जाणारे मोठे पुतळे) भर उन्हात ढोलाच्या गजरात जाते आणि आम्ही "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतो.

तिसरं, २०२५ चं 'द समर हिकारू डाइड', तेही नेटफ्लिक्सवर. डोंगरात हरवलेला मित्र परत येतो आणि त्याच्या जिवलगाला पहिल्या काही मिनिटांतच कळतं की हा तो नाही. आपल्या चकव्याच्या गोष्टींत माणूस वाट चुकून भटकत राहतो. इथे परत येतो, हीच पंचाईत. यात अंधारापेक्षा दुपार भीतीदायक आहे: पांढरं ऊन, हिरवी भातशेती आणि किड्यांचा कान किटवणारा आवाज. 'डांडाडान'ही बघा, पण ती वेगळ्या चवीची, हसवत पळवणारी. तिच्यात भुताच्या हद्दीत शिरलं की सगळा पडदा एकाच रंगात बुडतो, तेवढं लक्षात ठेवून बघा.

इतोसाठी मी उलटा सल्ला देतो. आधी पुस्तक घ्या. त्याची सगळी भीती बारीक, दाट, आडव्या-उभ्या रेघांत आहे, आणि रंग भरून हलवलं की त्या रेघा सपाट होतात. 'मॅनिअ‍ॅक'मध्ये नेमकं तेच झालं. 'उझुमाकी'ने काळं-पांढरं ठेवून पहिल्या भागात त्या रेघा जिवंत केल्या होत्या. दुसऱ्या भागापासून काम घसरलं ते उघड्या डोळ्यांना दिसतं.

आवाज जपानी ठेवा, सबटायटल इंग्रजी. हिंदी डब 'जुजुत्सु काइसेन'सारख्या मारामारीला शोभतो, पण गप्प राहणाऱ्या मालिकेत गप्प राहणंसुद्धा त्या कलाकारांचंच ऐकावं.

राहिला ऋतू. जपानमध्ये भुतांच्या गोष्टी उन्हाळ्यात सांगायची पद्धत आहे, अंगावर काटा येऊन गारवा वाटावा म्हणून. ऑगस्टमधल्या ओबोनला पितर घरी येतात, त्यांच्यासाठी काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय करून ठेवतात. पूर्वी लोक रात्री जमून शंभर वाती लावायचे, निळ्या कागदाआड, आणि दर गोष्टीला एक वात विझवायचे. ही पद्धत पंचेचाळीस डिग्रीतल्या नागपूरला लागू पडायला हवी, पण मध्ये कूलर येतो. आमचा डेझर्ट कूलर असा घरघरतो की तराजूचं घुंगरू ऐकूच येत नाही. बंद केला तर दहा मिनिटांत बनियन भिजतं. यावर मी काढलेला तोडगा असा: साडेदहाला कूलर फुल्ल करून खोली गार करून घ्यायची, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून ठेवायचं, पोरं झोपली की कूलर बंद, ट्यूबलाइट बंद, कानात हेडफोन. वीस-बावीस मिनिटं खोली गार राहते. एक भाग तेवढाच असतो.